बांधाच्या पायथ्याशी कुरडू

सर्वपित्री अमावास्या दोन-तीन दिवसांवर आली की हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या बाजारात भाजीवाल्या मागे सरकतात आणि फुलांची पोती पुढे येतात. झेंडू असतोच, तो बारा महिने कुठे ना कुठे असतो. पण या दिवसांत येतात ती खरी रानची फुलं. पिवळाधमक तरवड, ज्याला इथे तंगेडू म्हणतात, आणि कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे, म्हणजे इथलं गुनुगु. आपल्याकडे कुरडू शेतातलं तण. फार तर कोवळी असताना भाजी करायची, नाहीतर उपटून टाकायची. इथे तेच तुरे परातीत थरावर थर रचतात, वर निमुळतं करत नेतात, त्याला बतुकम्मा म्हणतात, आणि नऊ दिवस बायका त्याच्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात. शेवटी ती फुलं पाण्यात सोडायची. माझ्या आईला हे फार आवडायचं. "आपला भोंडलाच की गं," ती म्हणायची, "आपण हत्ती मांडतो, हे फुलं मांडतात."

आम्ही चार पिढ्यांचे हैदराबादी. पणजोबा निजामाच्या काळात सरकारी नोकरीसाठी आले आणि नल्लकुंट्यात राहिले ते राहिलेच. पुण्याचे पाहुणे आमच्या मराठीला हसतात आणि मग आमच्याकडचे बगारे बैंगन दोनदा वाढून घेतात. असो. तर मी गेली कित्येक वर्षं या दिवसांत कुरडूच्या दोन जुड्या विकत आणायचे आणि पितळेच्या तांब्यात ठेवायचे. नवरा विचारायचा, "हे गवत कशाला आणून राहिलीस?" मी सांगायचे, माझ्या नोकरीतल्या एकुलत्या एका चांगल्या कामाची ही आठवण आहे. खरोखर असं म्हणायचे, चारचौघांतसुद्धा. यंदा पोती दिसली आणि मी पलीकडच्या फुटपाथने घरी आले.

ते काम एका बांधाचं होतं. पंधराएक वर्षं झाली त्याला. गोदावरीच्या पलीकडे, एसटीने आणि मग जीपने दिवसभर जावं लागेल इतक्या आत, डोंगरांच्या बेचक्यात एक तांब्याची खाण आहे. नाव लिहीत नाही. खाणीत खडक फोडतात, दळतात, त्यातलं तांबं काढून घेतात. मग उरतो तो पिठासारखा बारीक राखाडी चोथा. तो पाण्यात कालवून पाइपाने लांब नेतात आणि एका बांधामागे सोडतात. चोथा वाढेल तशी बांधाची उंची वाढवत न्यायची, दुसरं काही करता येत नाही. धरणातलं पाणी निदान कधीतरी खाली सोडतात, शेताला जातं. हा गाळ कुठेच जात नाही. खाण बंद पडली, मालक बदलले, कामगार आपापल्या गावी गेले, तरी तो तिथेच ओला बसून असतो. म्हणून अशा बांधाच्या पोटात पाणी चढू द्यायचं नसतं. पोट कोरडं असेल तर बांध उभा राहतो. पाणी चढत गेलं तर एक दिवस सगळं पातळ होऊन खाली येतं, आणि येताना कुणाला पळायला वेळ देत नाही.

हे सगळं मला वसंतकाकांनी शिकवलं. वसंतकाका बाबांचे मित्र, बरकतपुऱ्यातले. दहावीचं गणित मी त्यांच्या ओट्यावर बसून शिकले. ते सात आकड्याला मधे आडवी रेघ मारायचे आणि मी मारली नाही तर गणित बरोबर असूनही अर्धा मार्क कापायचे. पुढे मी इंजिनीअर झाले तेव्हा त्यांनीच मला आपल्या ऑफिसात घेतलं. धरणं, बांध, पुलांचे पाये, कुठली माती किती भार घेईल, असल्या गोष्टींचा सल्ला देणारं ते छोटंसं ऑफिस होतं. घरी मी त्यांना काका म्हणायचे आणि ऑफिसात सर. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हाक बदलायची आणि त्यांचं 'बेटा'सुद्धा तिथेच मागे राहायचं. एकदा चुकून सगळ्यांसमोर काका म्हटलं तर ते हसले आणि म्हणाले, "हे बघ, इथे काका नक्को. इथे मी चुका काढणारा माणूस आहे."

ऑफिसची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. आम्ही साइटवर जाणारी माणसं महिन्यातले वीस दिवस बाहेर. अहवाल टाइप होऊन तयार व्हायचा तेव्हा आम्ही कुठल्या तरी ओढ्याच्या काठी चहा पीत असायचो. मग सहीवाचून काम अडायचं. म्हणून निघण्याआधी अहवालाच्या शेवटच्या पानावर, जिथे नुसतं नाव, हुद्दा आणि सहीची जागा असते, तिथे आम्ही सही करून ठेवायचो. तारीख कोरी. अशा पानांची एक निळी फाईल होती. अहवाल झाला की पान काढायचं, मागे लावायचं, तारीख घालायची. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं. काकांच्या ऑफिसात आपली सही ठेवणं म्हणजे आईकडे घराची किल्ली ठेवण्यासारखं होतं. मीही चार पानं ठेवली होती.

त्या वर्षी पाऊस भाद्रपद लागता लागताच संपला. मी पोचले तेव्हा डोंगर पिवळे पडायला लागले होते, गवताला कुरकुरीत वास येत होता, आणि दुपारी खाणीचा भोंगा वाजला की उडालेले पोपट परत येऊन त्याच झाडावर बसायचे. मला दोन आठवडे राहून बांध तपासायचा होता. बांध म्हणजे राखाडी पायऱ्यांचा एक डोंगरच. माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला सपाट गाळ, त्यावर आरशासारखं पातळ पाणी, दुसऱ्या बाजूला खोल खाली ओढा, आणि ओढ्याकाठी तीसेक घरांची वस्ती.

पोटातलं पाणी कळावं म्हणून बांधात ठिकठिकाणी उभ्या नळ्या पुरलेल्या असतात. नळीत टेप सोडायची. टोक पाण्याला लागलं की वर शिटी वाजते. किती खोलीवर वाजली ते वहीत लिहायचं. खाणीचा एक माणूस हे काम करायचा, दर सोमवारी, न चुकता. त्याची वही अशी नीटनेटकी की शाळेत बक्षीस मिळावं. प्रत्येक नळीपुढे एकच शब्द, कोरडी. पानंच्या पानं कोरडी. मी त्याच्याबरोबर दोन दिवस फिरले, शिटी कुठेच वाजली नाही, आणि मीही माझ्या वहीत कोरडी लिहीत गेले. मला बरं वाटत होतं, इतका चांगला बांध पाहायला मिळाला म्हणून.

सुगुणा टीचर मला तिसऱ्या दिवशी भेटली. वस्तीतली शाळा ती एकटी चालवायची. त्याच वस्तीत जन्मलेली, तिथून शिकून बाहेर गेलेली पहिली मुलगी, आणि नोकरी मागून घेऊन परत आलेलीही पहिलीच. माझ्याच वयाची. खडूचे तुकडे पदराच्या टोकाला बांधून ठेवायची आणि बोलता बोलता गाठ सोडून परत बांधायची. शाळा भरायची वर, टेकाडावर, खाणीच्या जुन्या पत्र्याच्या गोदामात. उन्हाळ्यात तापायची, पावसाळ्यात गळायची. आमचं बोलणं तेलुगूत चालायचं. माझी तेलुगू शहरातली, तिला हसू यायचं.

"मॅडम, उद्या फुलं तोडायला येता का आमच्याबरोबर?" तिने विचारलं. "यंदा रानात काही नाही. सगळं वाळून गेलं. पण बांधाच्या पायथ्याला गुनुगु असं माजलंय की बघत राहाल."

मी गेले. खरंच कंबरेइतकी कुरडू होती, हिरवीगार, तुरे बोटभर जाड, टोकाला गर्द गुलाबी. आजूबाजूला सगळं पिवळं आणि बांधाच्या पायाशी हा एवढा एक पट्टा हिरवा. बायका गात होत्या, पोरी तुऱ्यांनी एकमेकींना मारत होत्या. माझ्या बुटात पाणी शिरलं. मी एक बूट काढला, झटकला, परत घातला, आणि पुन्हा फुलं तोडायला लागले. काही घरं मला बघून दार लावून घ्यायची, पण बाकीच्यांनी संध्याकाळी आपल्या अंगणात मिळून बतुकम्मा रचली, एक थर माझ्याकडून लावून घेतला, मला चपात्या कुस्करून केलेला गोड लाडू खायला घातला. इतकं मोकळं, इतकं आपलं असं मला कामाच्या जागी त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेस्ट हाऊसच्या कठड्यावर मोजे वाळत टाकलेले होते ते घ्यायला गेले. मोजा कडक झाला होता. चोळला तर त्यातून राखाडी पीठ पडलं. झऱ्याचं पाणी असतं तर मोजा नुसता वाळला असता. हे पाणी बांधाच्या पोटातून आलं होतं, आणि येताना पोटातला गाळ थोडा थोडा बरोबर घेऊन येत होतं. सगळं पिवळं असताना पायथ्याशीच हिरवं का, हा प्रश्न मला, सात वर्षांच्या अनुभवाच्या इंजिनीअरला, मोजा हातात येईपर्यंत पडला नव्हता.

मग मी पाण्याची बाटली घेऊन बांधावर गेले. पहिल्या नळीत टेप सोडली, ती अर्ध्यातच टेकली. आधी मी शिटीकडेच कान लावले होते, टेप किती खाली गेली ते पाहिलंच नव्हतं. वरून पाणी ओतलं. नळी जिवंत असेल तर पाणी हळूहळू खाली झिरपतं. तासभर बसले, पाणी होतं तिथेच. दुसरी नळी, तिसरी नळी, तेच. नळ्यांचं तोंड खाली गाळाने बुजलं होतं. टेप त्या गाळाला टेकत होती, पाण्याला पोचतच नव्हती, आणि शिटी वाजत नव्हती म्हणून तो बिचारा दर सोमवारी कोरडी लिहीत होता. मी त्याला दाखवलं. त्याने वाकून नळीत बघितलं. "पाच वर्षं झाली मॅडम," तो म्हणाला. "मला वाटलं कोरडी म्हणजे चांगलं."

मलाही तसंच वाटलं होतं की. त्याला काय बोलणार.

त्याच आठवड्यात सुगुणाने मला तो प्रश्न विचारला. खाणीने वस्तीला नवी शाळा बांधून द्यायचं कबूल केलं होतं, पक्क्या भिंती, फरशी, नळ. पण जागा खालची, ओढ्याकाठची सपाट, बांधाच्या समोरच. वर टेकाडावर सामान चढवणं त्यांना अवघड पडत होतं. पंचायतीच्या संमतीच्या कागदावर शाळेच्या बाईंची सही लागणार होती.

"तुम्ही बांध तपासायला आलात," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा. मुलांना खाली आणू की वरच राहू देऊ?"

मला तेव्हा माहीत होतं. उत्तर तोंडात तयार होतं. पण काकांनी निघताना बजावलं होतं, गावकऱ्यांशी तोंडी एक शब्द बोलायचा नाही. अर्धवट बोललं की घबराट होते. जे काय असेल ते कागदावर. आणि माझाही कागदावर फार विश्वास. तोंडी बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं, असं मला वाटायचं.

"आज मला बोलता येत नाही," मी म्हटलं. "पण सगळं अहवालात लिहीन. अहवालाची प्रत पंचायतीत येईल. त्यावर माझी सही बघा. सही माझी असेल तर शब्द माझा. मग ठरवा."

"तुमची सही कशी असते, मला कसं कळणार?"

तिने हजेरीची वही पुढे केली. शेवटच्या पानावर मी सही करून दिली. तिने त्यावर फुंकर मारली आणि वही छातीशी धरून टेकाड चढून गेली. ही माझी सर्वांत मोठी चूक. ती माझ्यासारख्या कागदाच्या माणसाकडूनच होऊ शकते.

हैदराबादला आल्यावर मी एका बैठकीत अहवाल लिहून काढला. पायथ्याची ओल, मोज्यातला गाळ, बुजलेल्या नळ्या. नव्या नळ्या बसवेपर्यंत उंची वाढवू नये, आणि पायथ्याशी कुठलंही बांधकाम करू नये, हे ठळक. काकांनी वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"नजर तयार झाली तुझी," ते म्हणाले. "मोज्यावरून पकडलंस. माझ्या लक्षात आलं नसतं."

मी दुसऱ्या साइटवर निघाले तेव्हा विचारलं, "सर, तो अहवाल गेला का? पायथ्याचा भाग आहे ना त्यात?"

"हौ बेटा, घातलंय सगळं. तू परेशान नको होऊस."

सर म्हटलं तेव्हा बेटा असं उत्तर आलं, हे मला तेव्हा खटकलं नाही. उलट बरं वाटलं. मी अंतिम प्रत बघितली नाही. साइटवरच्या माणसांना ती कुणी पाठवत नसे, आणि मी मागितली नाही. वर्षभरात माझी आई आजारी पडली, फिरती जमेना, मी नोकरी सोडून पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले.

आणि शिकवताना काय शिकवलं, तर ही गोष्ट. दर वर्षी, दर तुकडीला. मोजा, कुरडू, नळीत ओतलेलं पाणी. पोरं टक लावून ऐकायची. शेवटी मी म्हणायचे, "वहीत काय लिहिलंय ते बघू नका, पायाखाली काय आहे ते बघा." पोरं ते वाक्य लिहून घ्यायची. स्वतः मात्र मी आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदाची प्रत बघितली नव्हती. त्या पोरांना आता कुठे गाठू आणि काय सांगू.

मागच्या वर्षी याच दिवसांत, बतुकम्माच्या तिसऱ्या दिवशी, अनोळखी नंबरवरून फोनवर एक फोटो आला. खाली तेलुगूत लिहिलेलं: मॅडम, सुगुणा टीचर. तुमचं जुनं कार्ड सापडलं. आमच्या शाळेची बतुकम्मा बघा. फोटोत गुलाबी रंगवलेली पक्की इमारत, अंगणात परकर-पोलक्यातल्या मुली, मधे फुलांचा ढीग. सुगुणाचे केस पांढरे झालेले. मी फोटो मोठा केला. मुलींच्या मागे, इमारतीच्या छताच्या वर, आकाश असायला हवं तिथे राखाडी पायऱ्या होत्या. मी पाहिला होता त्याहून दोन पायऱ्या जास्त.

मी तिला लिहिलं, अहवालाची प्रत आहे का? तिच्याकडे होती. एका पानाचा एक असे फोटो तिने पाठवले. पायथ्याशी ओल आढळली नाही. सर्व नळ्या कोरड्या. बांध सुस्थितीत असून उंची वाढवण्यास हरकत नाही. माझे सगळे शब्द गेले होते आणि त्या जागी हे आले होते. शेवटच्या पानावर माझी सही. खाली तारीख, आणि तारखेतल्या साताला मधे आडवी रेघ.

मी तिला लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. शाळेला दसऱ्यापर्यंत सुटी आहे ना, असं स्वतःशी म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. काकांकडे काहीतरी उत्तर असेल अशी मला आशा होती. टायपिस्टची चूक, जुनी प्रत, काहीही. मी ते कसलंही उत्तर मान्य करायला तयार होते.

बरकतपुऱ्यातला तो ओटा आता नाही, तिथे अपार्टमेंट झालं. काका तिसऱ्या मजल्यावर राहतात, पंच्याऐंशीच्या घरात आहेत, डोकं अगदी लखलखीत. काकूंनी कडबोळी पुढे ठेवली. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेक पान शांतपणे पाहिलं, पूर्वी माझी गणितं पाहायचे तसं.

"हा तुमचा सात आहे, काका."

"माझाच आहे," ते म्हणाले.

"मी लिहिलेलं कुठे गेलं?"

"तू लिहिलं होतंस धोका आहे. धोका म्हणजे काय? कधी पडेल, तारीख सांगता येत होती का तुला? नाही. मग जे सांगता येत नाही ते कागदावर कसं घालायचं? खाणवाल्यांनी सांगितलं, एक पावसाळा जाऊ द्या, नळ्या बदलतो. मी म्हटलं, ठीक."

"बदलल्या?"

"ते मला काय की माहीत." त्यांनी कडबोळ्याचा तुकडा मोडला. "पण पडला का? पंधरा वर्षं झाली बेटा. उभा आहे ना? मग बरोबर कोण ठरलं?"

"त्याच्याखाली शाळा आहे."

"शाळा कुठे बांधायची ते आपण सांगितलं नव्हतं."

मी सांगितलं होतं. ठळक अक्षरांत सांगितलं होतं. पण ते पानच नव्हतं तर कशाच्या जोरावर भांडणार. मी शेवटचं विचारलं, "माझीच सही का, काका? तुमची का नाही घातली?"

ते माझ्याकडे खरोखर आश्चर्याने बघत होते. "साइटवर तू गेली होतीस. मी कुठे गेलो होतो? न पाहिलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही. तुला शिकवलं नव्हतं का मी?"

काकू आतून म्हणाल्या, जेवूनच जा. मी उठले. उठताना वाकून नमस्कार केला. सवयीने. हात पायापर्यंत पोचला तेव्हा कळलं काय करतेय ते, आणि तोवर त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिलेला होता. त्या नमस्काराचा मला अजून राग येतो. बाकी सगळ्याहून जास्त.

बाबा गेले तेव्हा सगळं या माणसाने केलं होतं. माझ्या लग्नात मुलीकडचा म्हणून हाच उभा होता. हे आठवलं की मला वाटतं, मी त्याला समजून घ्यायला हवं. मग तो फोटो आठवतो. मला माफ करता येत नाही आणि शत्रूही म्हणता येत नाही. शत्रूने फसवलं असतं तर निदान चार लोकांना सांगून मोकळी झाले असते. इथे सांगायला गेले तर लोक म्हणतात, अगं, वसंतराव? छे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गच्चीच्या जिन्यात बसून, मी सुगुणाला फोन केला. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ओल होती, नळ्या बुजल्या होत्या, मी लिहिलं होतं, ते काढलं गेलं. तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"सही तर तुमचीच होती," ती म्हणाली. "मी ताळा करून पाहिला होता, मॅडम. हजेरीची वही शेजारी ठेवून. वळणसुद्धा सारखं होतं. मग मी माझी सही केली."

"सुगुणा, सही माझी होती, अहवाल माझा नव्हता."

"ते मला कसं कळणार होतं? तुम्हीच म्हणालात, सही बघा."

मला काकांनी फसवलं, हे दुःख मी तिच्यापुढे मांडणार होते. तिच्या बाजूने बघितलं तर काका नावाचा माणूसच नव्हता. तिला फसवणारी मीच होते. विचारलं तेव्हा तोंडाने बोलले असते तर एक शब्द पुरला असता, वर. त्या एका शब्दासाठी मी तिला कागदाची वाट बघायला लावली.

"आता तोंडाने सांगा," ती म्हणाली. "कागद नको."

"मुलांना वर न्या."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी जिल्ह्याच्या कचेरीत पत्र पाठवलं, खाण खात्याला पाठवलं. महिन्याने एका अधिकाऱ्याचा फोन आला. बोलायला अतिशय सभ्य. "मॅडम, आमच्या फायलीत आपलाच अहवाल आहे. त्यात आपण म्हणता, बांध ठीक आहे. पत्रात म्हणता, ठीक नाही. दोन्हींवर आपलीच सही. आम्ही कुठली धरायची?" मी म्हटलं, आताची. त्याने विचारलं, "आता आपण तिथे जाऊन आलात का?" मी गेले नव्हते. पुढे गेले तेव्हा खाणीच्या फाटकावरून परत पाठवलं, आत जायला परवानगी लागते म्हणाले. ती मी अजून मागते आहे. दर महिन्याला एक पत्र जातं, आणि त्यावर सही करताना हात थबकतो.

काल सुगुणाशी बोलले. ओढा यंदा भरून वाहिला म्हणाली, पाणी कधी कधी राखाडी दिसतं. मागच्या दसऱ्यानंतर तिने शाळा वर पत्र्याच्या गोदामात हलवायचं ठरवलं तेव्हा गावाची बैठक झाली. खाणीची माणसं अहवालाची झेरॉक्स घेऊन आली आणि त्यांनी शेवटचं पान हातोहात फिरवलं. सगळी मुलं काही वर गेली नाहीत. खालची इमारत चालूच आहे, दुसरे एक मास्तर तिथे वर्ग घेतात.

"वर कोण कोण येतं?" मी विचारलं.

ती नावं घेत गेली, घरंच्या घरं. ही तीच घरं, जी तेव्हा मला बघून दार लावून घ्यायची. शहरातून आलेल्या बाईचं काय खरं, असं म्हणायची. ती घरं शहाणी निघाली.

"आणि खाली?"

"ज्यांच्या अंगणात तुम्ही बतुकम्मा रचलीत ना मॅडम, त्यांची," सुगुणा म्हणाली. "ते म्हणतात, बाई आमच्यात जेवल्या, आमच्यात गायल्या. त्या कशाला खोटी सही करतील?"